कापसाच्या खोलीचं दार

मित्रांनो, जवळ या आणि हात लावून पाहा. भिऊ नका, बोट काळं होईल, तेवढंच. एका अंगानं मी अजून सागवान आहे आणि दुसऱ्या अंगानं कोळसा. मी एक जुनं, अर्धं जळालेलं दार आहे. कळंबमधल्या एका सुताराच्या टिनाच्या शेडमध्ये मला टेकवून ठेवलं आहे. दारानं चौकटीत उभं राहायचं असतं. पण माझी चौकट आता उरलेली नाही. ती का उरली नाही, त्याचीच ही हकिकत.

माझं लाकूड जोडमोह्याकडच्या जंगलातलं. मारोतीरावांच्या वडिलांनी ते बैलगाडीत घालून आणलं, अंगणात सुतार बसवला आणि कोठीच्या खोलीसाठी मला घडवून घेतलं. फळ्या अशा जाड घेतल्या की दोन माणसांना मला उचलताना दम लागला. मारोतीरावांची आई दरवर्षी पोळ्याच्या आधी जवसाच्या तेलाचा बोळा माझ्या अंगावरून फिरवायची. आल्यागेल्याला सांगायची, "मानसं जातीन, पन हे दार राहीन." ज्वारी, तूर, नव्या सुनेचे पेटारे, बाळंतिणीच्या खाटा, सगळं माझ्यातून आत गेलं आणि बाहेर आलं. माझं काम सोपं होतं. उघडायचं आणि लागायचं.

मग ती माणसं एकेक करून गेली. मारोतीरावांची बायको वारली, मुलगी आर्णीला दिली. मोठ्या घरात एकटे मारोतीराव उरले. त्यांनी गल्लीकडच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या ठरवल्या आणि कोठी स्वतःकडे ठेवली. त्या दोहोंच्या मधोमध मी होतो. भाडेकरू इकडून तिकडे जायला नको म्हणून त्यांनी खोल्यांच्या बाजूनं माझ्यावर एक आडवी पट्टी मारली. लांब खिळे पट्टीतून थेट चौकटीत गेले. त्या दिवसानंतर मला कोणी तेल लावलं नाही. उघडायचंच नाही त्या दाराला तेल कशाला?

मी लागलेला राहिलो, पण मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

साधना आणि तिचं कुटुंब त्या खोल्यांत आलं ते दिवाळीनंतरच्या थंडीत. नवरा धर्मपाल कळंबच्या शाळेत मास्तर होता, आणि त्यांची एकुलती मुलगी जया पाचवीत होती. त्यांचं घर दारव्ह्याला होतं. रोज बसनं येऊन-जाऊन मास्तर थकले, म्हणून त्यांनी ते घर धनसिंग नावाच्या गृहस्थाला विकलं आणि कळंबलाच, शाळेच्या मागे, किसनरावांचं घर घ्यायचं ठरवलं. इसार देऊन झाला होता. धनसिंगाकडे लग्न होतं, त्याला घर लगेच मोकळं करून द्यावं लागलं. पण किसनरावांना त्यांचं घर सोडता येईना. ते पुसदला मुलाजवळ जाणार होते, आणि तिथे त्यांनी ज्या बाबूसिंगचं घर घेतलं होतं, तो बाबूसिंग हलेना. त्याच्या स्वतःच्या नव्या घराचा स्लॅब अजून पडायचा होता. पुसदला एकाचा पाय अडला, म्हणून कळंबला माझ्यासमोर एक ट्रकभर सामान उतरलं.

साधना दोर सोडायला बसली तसं मास्तरांनी तिला थांबवलं.

"राहू दे. महिन्याभरात पुन्हा बांधा लागीन. लागते तेवढंच काढ."

लागते तेवढं म्हणजे चार भांडी, दोन सतरंज्या आणि जयाचं दप्तर. बाकी पेट्या एकावर एक रचून माझ्यासमोर लावल्या. लोखंडी पलंग सुटा करून आणला होता, त्याच्या पट्ट्या तारेनं बांधून माझ्या शेजारी उभ्या केल्या. साधनानं बुद्धाची मूर्ती लुगड्यात गुंडाळून एका पेटीत ठेवली होती. ती पेटी तिनं सगळ्यात वर ठेवली, म्हणाली, "नव्या घरीच मांडू."

आता पलीकडच्या बाजूचं सांगतो.

त्या वर्षी मारोतीरावांचं कापसाचं पीक चांगलं आलं होतं. गाडीमागून गाडी अंगणात येऊ लागली. पण ती सगळी वर्षंच वाईट होती, मित्रांनो. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हा पेपरात ज्या बातमीसाठी यायचं, ती तुम्ही मोठे झाल्यावर वाचाल. खरेदी केंद्रावर गाड्या रात्रंदिवस रांगेत उभ्या राहायच्या, केंद्र मधूनच बंद पडायचं, आणि भाव पडलेला असायचा. मारोतीराव काही कोणाच्या ऐकण्यातले नव्हते, आणि त्यांना कोणाचं देणंही नव्हतं. ते म्हणाले, माझा कापूस असा मातीत घालणार नाही. भाव येईल तेव्हाच काढीन. आणि त्यांनी सगळा कापूस कोठीत भरला.

आधी तो जमिनीवर होता. मग माझ्या कडीपर्यंत आला. मग माझ्या डोक्यावरून वर गेला आणि वरच्या बल्बला टेकला. माणसं आत उतरून पायांनी तुडवत होती, म्हणजे आणखी मावावा. शेवटी कोठीच्या अंगणाकडच्या पुढच्या दारापासून मधोमध एक बोळ तेवढी उरली. माझ्या पाठीवर सगळ्या गंजीचा भार आला. पहिल्यांदा बरं वाटलं. थंडीचे दिवस होते, आणि कापूस ऊब देतो.

संक्रांत गेली. पुसदहून निरोप आला की स्लॅबचं सेंट्रिंग लागलं. मग निरोप आला की वाळू भेटून नाही राहिली. मग मिस्त्री गावाला गेला. प्रत्येक निरोप किसनराव स्वतः येऊन सांगायचे. चांगला माणूस, ओशाळून दारातच उभा राहायचा.

"सर, माहं म्हनाल त मी आज निघतो," ते म्हणायचे. "पन बाबूसिंग हलल्याबिगर जाऊ कुठं?"

"असू द्या, किसनराव. इतके दिवस थांबलो, आनखी थोडे."

साधना चहाचा कप पुढे करायची. मग जयाच्या अंगावर पुरळ उठलं.

सुरुवातीला मानेवर लाल फोड आले. मग हातावर. साठवलेल्या कापसात बारीक कीड होते, ती माझ्या फटींतून अलीकडे येत होती. मी काय करणार? फळ्या आटल्या होत्या, तेल मिळालं नव्हतं, फटी रुंद झाल्या होत्या. किडीबरोबर कापसाचे तंतूही यायचे. उन्हाच्या तिरपीत ते तरंगताना दिसायचे. जया खोकू लागली. आधी सकाळी, नंतर दिवसभर. साधनानं माझ्या फटींत चिंध्या कोंबल्या. चिंध्या कोंबताना तिचा हात थांबला. तिनं कान लावला. पलीकडे वर कुठेतरी चिरचिर आवाज येत होता, तेलात मोहरी पडावी तसा, पण बारीक. मग तो थांबला. कोठी भरताना कापूस बल्बला टेकलेला तिनं अंगणातून पाहिला होता.

ती तशीच पदर खोचून अंगणात मारोतीरावांकडे गेली.

"भाऊ, कोठीतला बल्ब चिरचिर करून राह्यला. त्या वायरले एकदा कोनाले दाखवता काय?"

मारोतीराव बाजेवर बसून पान लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जुनी वायर हाय, बाई. माह्या बापापासून चालू हाय."

"कापूस टेकला तिले."

"तुम्ही त चार दिवसाचे पाहुने. कायले एवढा घोर करता? तुम्ही घराची वाट पाहून राह्यल्या, मी भावाची पाहून राह्यलो. दोघाईचं काम एकाच दिवशी होईन, पाहा."

ते हसले. वाईट मनानं नाही. साधना परत आली आणि तिनं मास्तरांना सांगितलं. मास्तर वह्या तपासत होते.

"आपल्याले काय करायचं त्याच्या वायरचं?" ते म्हणाले. "घर त्याचं, कापूस त्याचा. आपन इथं राहाले थोडीच आलो."

"मंग आपन कुठं राहून राह्यलो?"

मास्तरांनी पुढची वही ओढली. साधना मात्र गप्प बसली नाही. तिनं स्वतः फिरून बसस्टँडजवळ एक खोली पाहिली. लहान होती, पण हवेशीर होती. मास्तर पाहायलाही गेले. त्याच संध्याकाळी किसनराव आले आणि म्हणाले, मिस्त्री परत आला, होळीच्या आत स्लॅब पडतो. मास्तर खुशीत आले. आता दोनदा घर बदलायचं कशाला, सामान दोनदा उचलायचं कशाला, असं म्हणून त्यांनी त्या खोलीला नकार कळवला. साधना पेट्यांकडे पाहत बसली. दोरांवर धूळ साचली होती आणि धुळीवर पांढरे तंतू.

होळी आली आणि गेली. स्लॅब पडला नाही.

उन्हाळा लागला तसा माझ्या पाठीचा अनुभव बदलू लागला. आधी जी ऊब होती, तिचं आता ओझं वाटू लागलं. दाबून भरलेला कापूस आतून तापत होता. त्या दिवसांत लोडशेडिंग फार होतं. दुपारी लाइन जायची, तासन्‌तास यायची नाही, आणि आली की एकदम जोरात यायची. दर वेळी वरून ती चिरचिर ऐकू यायची. एकदा करपल्याचा वास आला. मारोतीरावांना तो आला नाही, कारण ते कोठीत फारसे येईनासे झाले होते. पडून असलेला कापूस पाहायचा त्यांना कंटाळा आला होता. साधनाला आला. तिनं आपल्या चुलीवरची भाजी हलवून पाहिली.

जया दुपारी माझ्या शेजारी बसून अभ्यास करायची. पेट्या आणि भिंत यांच्यामध्ये तिनं आपल्यापुरती जागा केली होती. एके दिवशी तिनं माझ्यावर पाठ टेकली आणि लगेच बाजूला झाली.

"आई, दार गरम लागून राह्यलं."

"ऊन हाय, बाई. पत्रेच तापले."

"बाकीची भिंत थंडी हाय."

साधनानं हात लावला. मग दुसरीकडे लावला. मग पुन्हा माझ्यावर. तिनं जयाची सतरंजी उचलून समोरच्या दाराजवळ टाकली आणि "आजपासून इथंच बसायचं" म्हणून सांगितलं. संध्याकाळी तिनं मास्तरांना बजावलं, "जयंती झाली की मी पोरीले घेऊन दारव्ह्याले भावाकडे चालली. घराचं होईन तवा होईन." मास्तरांनी मान डोलावली.

चौदा एप्रिलची जयंती झाली, आणि दुसऱ्या दिवशी ते घडलं.

कापसाची आग आधी बोलत नाही, मित्रांनो. लाकूड तडतडतं, गवत भडकतं. कापूस आतल्या आत लाल होत जातो आणि वरून पांढराच दिसतो. सकाळपासून लाइन नव्हती. भर दुपारी आली. वर चिरचिर झाली आणि या वेळी ती थांबली नाही. बल्बजवळून एक ठिणगी गंजीत उतरली. बराच वेळ नुसता धूर होता. तो पुढच्या दारानं अंगणात गेला तेव्हा बाजेवर पडलेले मारोतीराव धडपडत उठले.

त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारायला हवी होती. पण वर्षाचा कापूस होता. ते बोळीतून थेट आत शिरले आणि दोन्ही हातांनी जळता कापूस ओढून बाजूला टाकू लागले. हवा मिळाली आणि गंजीनं पेट घेतला. पुढची बाजू ढासळून बोळीत आली. त्यांच्या मागची वाट बंद झाली. समोरचा कापूस उपसत ते माझ्याकडे सरकले.

साधना तोवर बाहेर पडली होती. धूर माझ्या फटींतून आला, तशी तिनं जयाला उचलून समोरच्या मानीबाईंच्या ओसरीवर नेऊन ठेवलं आणि सांगितलं, "इथून हलायचं नाही." मानीबाई गल्लीतल्या लोकांना ओरडून बोलवायला धावल्या. साधना दोन पेट्या ओढून काढाव्यात म्हणून परत आत आली. पहिल्या पेटीला तिनं हात घातला, तेवढ्यात माझ्यावर आतून थाप पडली.

मग दुसरी. मग अनेक, भराभर.

"बाई," मारोतीरावांचा आवाज घुसमटत होता. "दार. दार उघडा."

ती क्षणभर उभी राहिली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. दार उघडलं तर आग अलीकडे येणार होती, हे तिला समजत होतं. सगळा संसार त्या खोलीत बांधून ठेवलेला होता. गल्लीतली माणसं अंगणाच्या बाजूला धावली होती, इकडे दुसरं कोणी नव्हतं.

तिनं पेट्या ढकलल्या. ओढल्या नाहीत, ढकलल्या, जिकडे पडतील तिकडे. मूर्तीची पेटीही पडली. पलंगाच्या पट्ट्यांची तार तिनं पायानं दाबून ताणली, एक पट्टी मोकळी केली आणि माझ्यावरच्या लाकडाच्या पट्टीखाली घातली. पहिल्या जोराला काही झालं नाही. मारोतीरावांनी खिळे मनापासून मारले होते. दुसऱ्या जोराला चौकट तडकली. मी किती वर्षं लागलेला होतो, गंजलेल्या बिजागऱ्या, फुगलेला उंबरठा. मला हलायचं होतं आणि हलता येत नव्हतं. तिसऱ्या वेळी ती सगळ्या अंगानं लोखंडी पट्टीवर लोंबकळली. खिळे चौकटीचा तुकडा घेऊनच निघाले.

मी उघडलो. माझ्याबरोबर जळता कापूस अलीकडच्या खोलीत कोसळला आणि त्यात मारोतीराव. साधनानं त्यांना काखेत धरून फरफटत गल्लीत आणलं. तिच्या लुगड्याचा पदर पेटला होता, तो मानीबाईंनी ओल्या पोत्यानं विझवला.

यवतमाळहून पाण्याचा बंब आला, तोवर कोठीचं छप्पर बसलं होतं. अलीकडच्या खोल्यांत काळ्या पेट्यांचे सांगाडे उरले होते.

संध्याकाळी मास्तर त्या राखेत उकिडवे बसले. साधना उंबऱ्यात उभी होती, हाताला फडकं गुंडाळलेलं. जया तिला चिकटून खोकत होती.

"तू म्हनलं होतं," मास्तर म्हणाले. "दहादा म्हनलं होतं."

साधना त्यांच्याजवळ जाऊन बसली.

किसनराव आणि त्यांच्या पत्नी बेबीताई दिवेलागणीच्या आधी आले. बेबीताईंनी जयाला उचलून कडेवर घेतलं, एवढी मोठी मुलगी.

"चला," त्या म्हणाल्या. "आमी दोघंच त राहतो. दोन खोल्या रिकाम्याच पडल्या. पुसदचं होईन तवा होईन." मग त्या साधनाकडे वळल्या. "साधनाताई, हे आधी सुचाले पाह्यजे होतं आमाले."

"सुचलं त मलेही नाही, ताई," साधना म्हणाली.

आणि खरंच, कोणालाच सुचलं नव्हतं. जो तो आपल्या पुढच्याकडे पाहत होता, पुढचा हलेल म्हणून. दोन कुटुंबं पावसाळाभर त्या एका घरात राहिली. बाबूसिंगचा स्लॅब पडला, तो घर सोडून गेला, किसनराव पुसदला गेले, आणि दसऱ्याच्या सुमारास घर मास्तरांच्या नावावर झालं. जयाचं पुरळ गेलं. खोकला मात्र पूर्ण गेला नाही. थंडी पडली की तिची छाती अजून वाजते, असं म्हणतात.

मारोतीराव दवाखान्यातून आले तेव्हा त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. मी तसाच एका बिजागरीवर लोंबत होतो. साधना आपल्या सामानातलं काही उरलं का, ते पाहायला आली होती. मारोतीरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमचं समदं सामान इथं होतं. दार काहून उघडलं?"

"आतून मानूस ठोकत होता, भाऊ."

मारोतीराव खाली बसले. पट्ट्यांचे हात मांडीवर ठेवून ते लहान मुलासारखे रडले. पुढच्या महिन्यात त्यांनी घर विकलं आणि ते मुलीकडे आर्णीला गेले.

घर घेणाऱ्यानं छप्पर नवं घातलं. आगीच्या वेळी या दारातूनच आग अलीकडे आली, असं त्याला कोणीतरी सांगितलं. मग त्यानं मला उतरवून सुताराला दिलं, चौकट फोडून काढली आणि तिथे विटांची भिंत बांधली. भिंतीला निळा रंग दिला. सुताराकडे येणारी माणसं बोलतात ते माझ्या कानावर पडतं. यंदाही भाव नाही. कोठी पुन्हा छतापर्यंत भरली आहे. बल्बही तिथेच लावला आहे. आणि अलीकडच्या खोल्यांत एक नवं कुटुंब आलं आहे. त्यांच्या घराचं काम कुठेतरी अडलंय म्हणे, महिन्याभरात जाणार.

मित्रांनो, घर चार दिवसांचं असलं तरी ते चार दिवस आपलेच असतात. वायर उघडी दिसली तर आज झाकून घ्या. दार अडलं असेल तर आज मोकळं करा. लेकरू खोकत असेल तर पुढच्या घराची वाट पाहू नका. आणि त्या निळ्या भिंतीच्या घरातलं एखादं पोर तुमच्या वर्गात असेल, तर त्याला एवढं विचारा, भिंतीच्या पलीकडे काय ठेवलं आहे. त्याला ठाऊक नसेल. तरी विचारा. उद्या नको, आज शाळा सुटली की लगेच विचारा.